नऊ मिनिटांचं काम

५ मे, सोमवार. सकाळी ८
आजपासून मी परीक्षक. मशीनला गाड्या ओळखायला शिकवायचं म्हणून दोन वर्षं फोटोंतल्या गाड्यांभोवती चौकोन काढले, आता चौकोन काढणाऱ्यांना तपासायचं. ऑनलाइनच, घरबसल्या. कामगार लिहितो, या फोटोला मला इतकी मिनिटं लागली. शेजारी सिस्टिमचं घड्याळ. दोन आकड्यांत फार फरक, तर माणूस खोटारडा. नावं दिसत नाहीत, फक्त नंबर. बरंच आहे. इथे बार्किसिमेतो शहरातल्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं. कॉपी करणारं पोर मला पाठमोरं बसलं तरी कळायचं. अजूनही सगळे मला प्रोफे, म्हणजे मास्तर, म्हणतात.
संकल्प: प्रत्येक फाइलला बारा मिनिटं द्यायची. माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

५ मे. संध्याकाळ
चाळीस फाइली. प्रत्येकी दोन मिनिटांत कळतं. फॉर्मवर बारा लिहिली. उरलेली दहा अनुभवाची.

७ मे, बुधवार
नियम सापडला. पाच, दहा, पंधरा असे गोल आकडे लिहिणारा खोटा. सात किंवा तेरा लिहिणारा खरा.
पुन्हा विचार केला. चलाख खोटारडा मुद्दाम तेरा लिहील. म्हणजे तेराही संशयास्पद.
दुपारी दोन तास लाइट नव्हती. कामाचे तास म्हणून धरले. आडवा झालो होतो, पण डोकं कामातच होतं.

८ मे, गुरुवार
नंबर ६०४१८. घड्याळ म्हणतं नऊ मिनिटं, लिहिलीत एकतीस. परवाही तसंच. खुलासा मागवला.

९ मे, शुक्रवार
खुलासा आला. लिहिलंय: 'काम अर्ध्यावर आलं की लाइट जाते. परत येते तेव्हा फोटो कोरा आणि घड्याळ शून्यावर. मी पुन्हा पहिल्यापासून करते. घड्याळ शेवटचीच खेप मोजतं. मी सगळ्या खेपा लिहिते, कारण तुम्ही विचारलंय किती वेळ लागला.'
बाई दिसते. लाइटची सबब सगळेच देतात. शेरा: अमान्य.
वरच्या मजल्यावरची युराइमा वाटीभर काळ्या घेवड्याची उसळ देऊन गेली. म्हणाली, आजच संपवा प्रोफे, लाइटच्या खेळात माझा फ्रिज गेला, उद्या आंबेल. चांगली होती. मीठ कमी.

१२ मे, सोमवार
६०४१८ तिसऱ्यांदा. नियमाप्रमाणे खातं बंद. काही वाटलं नाही. न्यायाधीशाला वाटून चालत नाही.

१३ मे, मंगळवार
जिन्यात युराइमा भेटली. म्हणाली, प्रोफे, माझं खातं बंद केलं हो मेल्यांनी. खोटारडी म्हणाले मला. आईचं इन्सुलिन त्याच्यावरच चालायचं.
मी नंबर विचारला. उगाच विचारला. तिने सांगितला. सावकाश, एकेक आकडा.
मी म्हणालो, हल्ली हे सगळं मशीनच करतं.
ती म्हणाली, मशीनला आई नसते.
मी हो म्हणालो. घरी येऊन अरेपा, आपली मक्याची जाड भाकरी, भाजली. एका बाजूने करपली. खाल्ली.

१४ मे, बुधवार
ठरलं. कंपनीला पत्र लिहून खातं सुरू करून घ्यायचं. आधी माझा निर्णय नियमाने कसा बरोबर होता ते मांडायचं, मग चूक. युराइमाला पत्र गेल्यावरच सांगू. अर्धवट सांगून काय उपयोग?

१५ मे, गुरुवार
मुद्दे एक ते सात झाले. सगळे पहिल्या भागाचे.

१६ मे, शुक्रवार
टीव्हीवर बेसबॉल. पत्र उद्या.

१७ मे, शनिवार
युराइमाने कॉम्प्युटर विकला. दोन माणसं तो खाली उतरवत होती, मी रस्त्याचं दार धरून उभा राहिलो. शेजारधर्म. तिने मान हलवली. वर जाताना कठड्याला धरून गेली.

१९ मे, सोमवार
संध्याकाळी युराइमा आली. उद्या पहाटे आईला घेऊन निघतेय. बसने सीमेपर्यंत, मग पलीकडच्या देशात कुकुताला बहिणीकडे. मी कॉफी केली. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, प्रोफे, तुम्ही फाइली मोठ्याने वाचता. वर सगळं ऐकू येतं. गेल्या सोमवारी माझा नंबर ऐकला. पुढे 'खातं बंद' तेही ऐकलं.
मी विचारलं, मग बोलली का नाहीस?
म्हणाली, बोलले की जिन्यात. नंबरसुद्धा सांगितला. म्हटलं, आज नाही तर उद्या प्रोफे दार वाजवतील. रोज तुमची पावलं ऐकत होते. जिन्यापर्यंत यायची आणि मागे फिरायची.
मी म्हणालो, पत्राचं चाललंच आहे.
ती रागावली नाही. कॉफी पूर्ण प्यायली, कप विसळून पालथा ठेवला. डोंगरातून बस जाते, थंडी असते, आईला स्वेटर घाल म्हणालो. ती म्हणाली, घालते.

२० मे, मंगळवार
पहाटे वरून ट्रंक उतरवल्याचा आवाज. म्हातारी कण्हत होती. जागाच होतो. सामानाच्या गडबडीत आपली अडचण नको म्हणून उठलो नाही.

२१ मे, बुधवार
पत्र लिहायला बसलो. कंपनीचा पत्ता शोधताना कळलं, पत्राची गरजच नाही. माझ्याच स्क्रीनवर, बंद खात्यांच्या यादीखाली एक बटण आहे: निर्णय मागे घ्या. दाबलं. झालं.
६०४१८ पुन्हा सुरू. नंबरापुढे हिरवा ठिपका. सकाळपासून बघतोय, कामाला कोणी बसलेलं नाही.
वर घरमालकीण खोल्या धुतेय. छतातून पाण्याचा आवाज येतो.
नऊ दिवसांत निकाल लागला. सरकारी कामाच्या मानाने लवकरच म्हणायचा. युराइमाला कळवायला हवं.
उद्या कळवतो.