कार्बोरेटरात दोष नाही

११ जानेवारी, मंगळवार
गाडी परत बंद पडली. मुशीराबादच्या चौकात, मागे बस, बसच्या मागे अख्खं हैदराबाद हॉर्न वाजवतंय. किक मारून मारून पोटरी सुजली. प्लग काढला तर काळा, ओला, चिकट. पुसून लावला. चालू झाली, पण धूर असा की बसमधल्या बाईनं पदर नाकाला लावला.
डॉक्टरची वेळ गेली ती गेलीच. औषध कंपनीची नोकरी, डॉक्टरांना सॅम्पल देत फिरायची, तीही प्रोबेशनवर, आणि हाताला पेट्रोलचा वास. कंपाउंडरनं मला दाराबाहेर उभं केलं.
संध्याकाळी मॅनेजर रावसाहेब : "तुमच्याकडे गाडी आहे म्हणून तुम्हाला घेतलं, कांबळे." म्हणजे मला नाही, गाडीला घेतलं.

१३ जाने., गुरु.
नल्लाकुंट्याच्या यूसुफकडे नेली. त्यानं कार्बोरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. "जेट छोटा है साब, बड़ा डालतूं. फिर देखो, मक्खन." डालला. आता धूर दुप्पट, ओढ निम्मी. परत गेलो तर म्हणतो, "नई गाडी ले लो ना साब, आजकल सब किस्तों पे मिलरी." याला काय सांगणार. जुना जेट, पेट्रोल सोडणारा तो भोकाचा पितळी तुकडा, मागून घेतला, तो त्यानं जमिनीवरच्या तेलकट चिखलातून शोधून दिला. शर्टाला पुसून.

१६ जाने., रवि.
सकाळी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून स्वतःच बसलो. जुना जेट परत बसवला. आधी भोकातून तोंडानं फुंकून साफ केला, जिभेला ती घाण चव दिवसभर. सुईची क्लिप एक खाच खाली केली, मग परत वर. फ्लोट ठीक. रबर ठीक, कुठून हवा ओढत नाही.
बाबा खुर्ची ओढून बसले. चाळीशी नाकावर. कारखान्यात फिटर होते, गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती. (कसली स्वेच्छा. गेटला कुलूप लावून सही मागितली.) म्हणाले, "हवेचा स्क्रू पूरा आवळ, मग दीड फेरा सोड. घाई नको करू." तसंच केलं. किती दिवसांनी एवढं बोलले. मग मोपेड काढून वाचनालयात गेले. रविवारीही वाचनालय.
आई स्टोव्हशी भांडत होती. रॉकेल पुरत नाही म्हणे, रेशनवाला माप मारतो.
दुपारी चक्कर मारली. विद्यानगरच्या वळणावर बंद. ढकलत आणली. विहिरीत टाकावी ही गाडी.

१९ जाने., बुध.
एक गोष्ट लक्षात आली. पंपावर भरली की दिवसभर बरी पळते. सकाळी घरून काढताना मेल्यासारखी. रात्रीतून कार्ब. कसं बिघडेल?
पेट्रोलमध्येच भेसळ असेल म्हणून कागदावर थेंब टाकला. तेलकट डाग राहिला. पण टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल असतंच, डाग राहणारच! स्वतःच्या अकलेची कीव आली. तरी पंपवाल्याशी भांडून आलो. तो पान चघळत ऐकत होता, मग माझ्या बुटापाशी थुंकला.

२१ जाने., शुक्र.
काल गाडी मुद्दाम सिकंदराबादला ऑफिसच्या आवारात ठेवली, बसनं घरी आलो. आज सकाळी जाऊन किक मारली. एका किकेत चालू. धूर पातळ, आवाज गोल. स्क्रूला हात लावला नाही.
म्हणजे दोष कार्ब.मध्ये नाहीच. दोष आमच्या घरापाशी आहे. कोणीतरी टाकीतून पेट्रोल काढतं आणि काहीतरी भरून ठेवतं.
संध्याकाळी वरच्या भाडेकऱ्याला, शर्मांना, जिन्यात गाठून वाट्टेल ते बोललो. त्यांच्याकडे स्कूटर आहे एवढाच पुरावा. शर्मा हात जोडून वर गेले. बाबा दारात उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी.

२५ जाने., मंगळ.
लिहवत नाही.
सॅम्पलची पेटी घरी राहिली म्हणून दुपारी आलो. गाडी गेटाशी लावून समोरच्या दुकानात सुट्टे घ्यायला गेलो. परत आलो तर बाबा. उकिडवे बसलेले, माझ्या टाकीत नळी, नळीचं टोक तोंडात. ओढलं, तोंड भरलं, थुंकले. पेट्रोलची लाळ हनुवटीवरून बनियनवर. बाजूला आईची रॉकेलची कॅन.
मला बघून नळी लपवली नाही. मोपेडच्या टाकीत धार सोडली, बोट लावून थांबवली, मग म्हणाले, "तुझी टाकी कमी नव्हतो होऊ देत मी."
"रॉकेल घालून?"
"थोडंच."
"रविवारी इथं बसून मला स्क्रू सांगत होता तुम्ही!"
"स्क्रू बरोबरच होता तो."
मोपेडच्या हँडलला खाकी पिशवी. ओढून घेतली. पाकिटं. कुरिअरची. बंजारा हिल्सच्या ऑफिसांचे पत्ते. वाचनालय म्हणजे हे.
"सांगायचं ना. मी दिलं असतं पेट्रोल."
"पोराकडे मागू?" आणि परत थुंकले.
मला किळस आली. त्यांची, त्या लाळेची. मी म्हणालो, "तोंड धुवा आधी." बापाला.
"शर्मांना मी शिव्या दिल्या, तुम्ही दारात उभे राहून ऐकलं." ते नळी गुंडाळायला लागले.

२६ जाने., बुध.
सुट्टी. बाबा आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड. शर्मांकडे जाऊन माफी मागितली. कारण नाही सांगितलं. शर्मा म्हणाले, "होता है, बैठो." चहा दिला. तो गिळताना लाज वाटली.
टाकी रिकामी करून धुतली. मोरीत दिवसभर वास.
कोपऱ्यावरच्या पंपावरून मोपेडपुरतं पेट्रोल डब्यात आणून बाबांच्या दाराशी ठेवलं.

२८ जाने., शुक्र.
डबा सकाळी माझ्या गाडीच्या सीटवर. भरलेलाच.
गाडी उत्तम पळते. सगळे डॉक्टर वेळेवर भेटले. रावसाहेब खूश, पुढच्या आठवड्यात कायम करतील म्हणतात. आनंद व्हायला हवा.
परतताना पंजागुट्ट्याच्या सिग्नलला बाबा दिसले. पायी. खाकी पिशवी खांद्याला, दोन गाड्यांच्या मधून वाट काढत होते. हाक मारायला तोंड उघडलं. मागे सीट रिकामी होती. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न लावले, मी निघालो.
आत्ता जेवायला बसलो तर आई विचारते, "वाचनालयातून यायला यांना आज एवढा उशीर काहून? मोपेड तर इथंच आहे. तुला काही बोलले का?"
मी म्हणालो, भाजी वाढ.
वाढून तशीच उभी आहे. डाव हातात.