बाबांच्या जमिनीचा निम्मा हिस्सा

डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना
९ मार्च २००३

चि. थर्मन यास,
अ. उ. आशीर्वाद, आणि थोडा दम. वि. वि.,

फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात निदान माझं बोलणं तुला मधेच तोडता येणार नाही. व्हर्नेलच्या गुडघ्यांना उतार पडला का? तिला म्हणावं, तू खाली बसून राहा, नवऱ्याला जिना चढायला लाव.

इकडची बातमी एकच, आणि रोज तीच. तंबाखूच्या जुन्या गोदामांचे महागडे फ्लॅट होताहेत, तेव्हापासून आपल्या गल्लीला भाव आला. शेजारचे मॅकलोरिन गेल्या महिन्यात घर विकून मुलीकडे गेले. चर्चमध्ये आमच्या बाकावर आता मी एकटी. दर आठवड्याला कुणीतरी दार ठोठावतं आणि विकणार का म्हणून विचारतं. घरपट्टी दुप्पट झाली. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पेन्शनीवर, सदुसष्टाव्या वर्षी, मी किती दिवस नाही नाही म्हणत राहू?

वस्तीतल्या लोकांनी मिळून एक ट्रस्ट काढला आहे. जमीन ट्रस्टच्या नावे करायची, घर आपलंच राहतं. ट्रस्ट जमीन कधीच विकत नाही, नव्याण्णव वर्षांच्या कराराने आपल्यालाच वापरायला देतो. पुढे घर विकायचं झालं, तर बेताच्या कमाईच्या माणसाला, त्याला झेपेल अशाच किमतीत विकायचं. शाळेची बस चालवणारी डेनीस आहे ना, तिच्यासारखीला. तिला घरमालकानं मेअखेर जागा सोडायला सांगितली आहे. दोन मुली घेऊन कुठं जाणार ती?

बाबांनी मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळं जागा आपल्या दोघांची, निम्मी निम्मी. तुझी सही लागेल. कागद सोबत आहेत. आधी वाच, मग रागव.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसावा.
तुझी ताई,
ऑर्लीन


डेट्रॉइट
२ एप्रिल २००३

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. (गुडघे माझेही दुखतात, म्हणून उभ्यानंच.) वि. वि.,

कागद दोनदा वाचले. मग तू सांगितल्याप्रमाणे रागावलो.

आजोबा दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस पिकवत मेले. बाबांनी एकतीस वर्षं तंबाखूची पिंपं ढकलली. ते म्हणायचे, घर काय कुणीही भाड्यानं देतो, खालची माती आपली हवी. चार बँकांनी त्यांना दारातून हाकललं, तेव्हा कुठं पाचवीनं ऐकलं. आणि ती माती तू एका समितीच्या हवाली करणार? उद्या समितीतली माणसं बदलली तर? आपल्या काळ्या लोकांच्या जमिनीला कधी नव्हे तो भाव आला, की कमी भावात समाधान माना असं सांगणारे बरे हजर होतात!

माझ्या गल्लीत चौदा घरं आहेत, माणसं राहतात पाच घरांत. मी हे घर फुकट देतो म्हटलं तरी कुणी घेणार नाही. मोटारींच्या कारखान्यात सदतीस वर्षं राबून हे हाती आलं. तुझ्या दारात दर आठवड्याला गिऱ्हाईक येतं आणि तू दार लावून घेतेस. ताई, मी दमलो आहे. व्हर्नेल रात्री जिना चढते तेव्हा प्रत्येक पायरीला थांबते, आणि मी खाली उभा राहून पायऱ्या मोजतो. एका मजल्याचं घर, एवढंच मागणं उरलंय माझं.

सही करणार नाही. व्हर्नेलचा नमस्कार. रागावलीस तरी पत्र पाठवायचं थांबवू नकोस.
तुझा,
थर्मन


डरहॅम
४ मे २००३

चि. थर्मन यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.,

तुझं पत्र पोचलं. व्हर्नेलला जिना इतका जड झालाय, हे तू कधी बोलला नाहीस. बोलायचं होतंस रे.

समितीचं म्हणशील, तर त्यात निम्मे लोक इथलेच राहणारे आहेत, आणि सभेला मक्याचा कॉर्नब्रेड माझ्याच हातचा असतो. आम्ही भांडतो तेव्हा शेजारच्या गल्लीला ऐकू जातं. आणि बाबांच्या मातीचं मला शिकवू नकोस. तू एकोणिसाव्या वर्षी गाडीत बसून गेलास. आईची शेवटची सहा वर्षं मी काढली, बाबांचीही मीच. ती माती रोज झाडली कुणी?

खरं कारण वेगळं आहे. काल एक तरुण आला होता. चांगले बूट, गोड बोलणं, टोपी हातात. जाता जाता म्हणाला, की तुमचे भाऊ फार मोकळ्या मनाचे आहेत. मी विचारलं, तुला काय ठाऊक? तो नुसता हसला आणि कार्ड ठेवून गेला.

ट्रस्टच्या वकीलबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, की एका वारसाचा हिस्सा बाहेरच्यानं घेतला, तर तो कोर्टात जाऊन सगळ्याच जागेचा लिलाव मागू शकतो. मग माझं ‘नाही’ चालत नाही.

थर्मन, तू काही सही केली आहेस का? एका शब्दात उत्तर दे. बाकी सगळं नंतर.
ऑर्लीन


डेट्रॉइट
१९ मे २००३

ती. ताईस,
नमस्कार कोणत्या तोंडानं लिहू?

हो.

एप्रिल संपता संपता केली. तो तरुण इथं घरी आला होता. व्हर्नेलच्या पाउंड केकचे दोन तुकडे खाल्ले. भिंतीवरचा फोटो बघून विचारलं, हेच का तुमचे वडील? मग तासभर बाबांबद्दल विचारत राहिला. ताई, वीस वर्षांत मला बाबांबद्दल इतकं कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर माझा हिस्सा विकल्याचा कागद पुढे केला.

तुला कुणी हात लावणार नाही असं त्यानं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला, असं लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. मी विचारलंच नाही.

व्हर्नेलला नंतर कळलं. ती माझ्याशी रोज एकच वाक्य बोलते, की ताईला कळवलंत का? आज कळवतोय.

लोभ मागायचा हक्क राहिला नाही.
थर्मन


डरहॅम
२२ फेब्रुवारी २००४

चि. थर्मन यास,
अ. उ. आशीर्वाद. ते बंद करायला मन धजलं नाही. वि. वि.,

नऊ महिन्यांत तुझी चार पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा जे लिहिलं असतं ते तुला जन्मभर पुरलं असतं.

कोर्टानं लिलाव काढला. ट्रस्टनं जमवाजमव केली होती, पण दुसऱ्या बोलीलाच आम्ही संपलो. मागच्या मंगळवारी आपलं घर पाडलं. यंत्राला एक सकाळ पुरली. डेनीस मुलांना शाळेत सोडून आली, रिकामी बस रस्त्याकडेला लावून माझ्याजवळ उभी राहिली. दुपारी तिथं नुसती माती होती, बाबांचीच. आता ती कुणाची, मला त्याचं नावही उच्चारता येत नाही.

ट्रस्टनं मागच्या गल्लीत दोन पडकी घरं घेऊन दुरुस्त केली होती. एकात ऑगस्टमध्ये डेनीस आली. दुसरं मी घेतलं, लिलावातल्या माझ्या वाट्यातून. घर माझं, जमीन ट्रस्टची. दोन खोल्या, पुढं ओसरी. जिना नाही. सकाळी जाग आली की अजून हात चुकीच्या बाजूच्या भिंतीकडे जातो.

कराराच्या दिवशी वकीलबाईंनी सगळे कागद वाचून दाखवले. एका जागी लिहायचं होतं, माझ्यानंतर घर कुणाला. मी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. त्या म्हणाल्या, घाई नाही, घरी जाऊन विचार करा.

मी तुझं आणि व्हर्नेलचं नाव लिहिलं.

माफ केलं म्हणून नाही. ते अजून झालेलं नाही, आणि पत्रानं होणारही नाही. पण या जमिनीसाठी कितीही गोड बोलणारा माणूस आला, केक खाल्ला, बाबांची चौकशी केली, तरी तुझ्या सहीनं ती जाणार नाही. तुला भलत्याच्या हाती विकताच येणार नाही, असं एवढं एकच घर मला तुझ्यासाठी मिळालं. माझ्या मरणाची वाट बघू नका, खोल्या दोन आहेत. या.

व्हर्नेलला माझा लोभ. तुला तो इथं आल्यावर.
तुझी ताई,
ऑर्लीन