हळू बोलायची खोली

आई, तू नकाशे दाण्यांनी वाचायचीस. मी नुकती इंजिनियर झाले होते, मिसरोदच्या आपल्या नव्या घराचा नकाशा मीच काढला होता आणि जमिनीवर पाय ठरत नव्हते. तू पिपलानीच्या क्वार्टरमध्ये पोह्यांसाठी दाणे तळत होतीस. त्यातला एक उचलून तू माझ्या कागदावर ठेवलास. ‘‘ही मी,’’ म्हणालीस आणि बोटाने ढकलत त्याला स्वयंपाकघरात आणलंस. ‘‘आता माझ्या हातात गरम कुकर आहे. वळू कुठे?’’ दार उघडलं की ते नेमकं फ्रिजवर आपटत होतं. कागदाला तेल लागलं म्हणून मी चिडले, म्हणजे तसं दाखवलं. मी खोडरबर घेऊन दार सरकवलं, तेव्हा कुठे तू तो दाणा तोंडात टाकलास. ‘‘नकाशा काढणाऱ्याने एकदा आत जाऊन यावं गं.’’

सध्या आमच्या ऑफिसकडे एका नव्या पोलीस ठाण्याचं काम आहे. पायापासून ड्रेनेजपर्यंत सगळं माझ्याकडे. पहिल्या नकाशात मी मुख्य दाराशेजारी एक लहानशी खोली ठेवली होती. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या आणि नीट लागणारं दार. तिच्यावर मी ‘तक्रार कक्ष’ असं लिहिलं, पण ती कशासाठी होती ते तुला सांगायला नको.

आठवतं ना? मी कॉलेजात आहे. एक मुलगा रोज स्कूटरवरून स्टॉपपर्यंत माझ्या मागे येतो. तू मला कॉलेजच्या बाजूच्या ठाण्यात घेऊन जातेस. काउंटरपलीकडचे, तक्रारी लिहून घेणारे मुन्शीजी काही वाईट नाहीत, पण आपल्या मागे रांग आहे, आणि सिलिंडर चोरीला गेलेला एक माणूस स्वतःचं दुःख विसरून आपल्याकडेच वळून उभा आहे. ‘‘ज़ोर से बोलो बेटा, क्या करता है वो?’’ मी फरशीकडे बघत म्हणते, ‘‘कुछ नहीं.’’ ‘‘माताजी, बच्ची तो खुद मना कर रही है.’’ चारचौघांत मी तुला खोटं पाडलं. बाहेर आल्यावर तू झापशील असं वाटलं होतं. बसमध्ये तू एवढंच म्हणालीस, ‘‘तुझं काही चुकलं नाही. तिथे हळू बोलायला जागाच नव्हती.’’ मग वर्षभर तू रोज स्टॉपवर येऊन उभी राहिलीस, पाय दुखत असतानाही.

गेल्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये पोलीस खात्याच्या साहेबांनी त्या खोलीवर पेन ठेवलं. ‘‘मैडम, कैमरों का सर्वर यहीं रख देते हैं. कंप्लेंट तो काउंटर पे भी हो जाती है.’’ सर्व्हर वरच्या मजल्यावर जिन्याशेजारी बसला असता, थोडी केबल वाढली असती इतकंच. मला ते माहीत होतं, वाक्यसुद्धा तयार होतं. पण टेबलाभोवती सगळे पुरुष, आमचे सर घड्याळ बघत होते, आणि मी म्हणाले, ‘‘हो जाएगा, सर.’’ ठाण्यात ‘कुछ नहीं’ म्हणताना माझा आवाज असाच निघाला होता. तेव्हा निदान मी लहान होते.

आज दुपारी डब्यात पोहे होते. सुधारलेला नकाशा टेबलावर पसरलेला होता. मी पोह्यांतला एक दाणा पुसून दारातून आत आणला आणि काउंटरपाशी उभा केला. डावीकडे सर्व्हरची भिंत, मागे रांग. बराच वेळ माझं बोट तिथेच होतं. अजून पायाच खणताहेत, एका फोनने सगळं बदललं असतं. तेवढ्यात ऑफिसातली मुलगी दारातून म्हणाली, ‘‘मैडम, फाइनल वाला भेज दूँ?’’ मी म्हणाले, ‘‘भेज दो.’’

हे पत्र कुठे जाणार नाही, नकाशा मात्र गेला. आणि तो दाणा, आई, वळायला जागा न देताच मी खाऊन टाकला.