पुढे फेकलेला नारळ

अमळनेर तालुका
धुळवडीचा दुसरा दिवस, १९४१

प्रिय भाईदास,

तुझं डिसेंबरातलं पत्र होळीच्या आदल्या दिवशी पोचलं आणि तेव्हापासून गावाला चैन नाही. बोर्डिंगातल्या रेडिओवर तू ऐकलेली ती फुटबॉलची मॅच मी ओट्यावर बसून तीनदा वाचून दाखवली. पहिल्याच वेळी घोटाळा झाला. शिकागोच्या अस्वलांनी वॉशिंग्टनला त्र्याहत्तर-शून्य लोळवलं, एवढं वाचते तोच माय ओरडली, "अरे देवा, त्र्याहत्तर मानसे खाई टाकात?" अस्वलं हे संघाचं नाव, ती माणसंच, हे पटवता पटवता मी थकले. तरी तिने तुझ्यासाठी शनिवार धरलाच आहे.

आबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून सुतळी वळत होते. साबणाचं रसायन शिकायला तू शेत सोडून बोटीवर चढलास, त्यांनी तुला पळपुटा म्हटलं, त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव निघालेलं नाही. म्हणून शेवटचं पान मी मोठ्याने वाचलं नाही. तिथल्या कारखान्याने नोकरी देऊ केलीय, मेअखेर उत्तर द्यायचंय, आणि आबांनी स्वतः बोलावलं तरच तू येणार. त्यांच्या वतीने मी लिहायचं नाही. अगदी बापावर गेलायस बघ.

पण मॅच त्यांनी ऐकली. तीन आठवड्यांपूर्वी याच वॉशिंग्टनने अस्वलांना हरवून वर रडके म्हटलं होतं, हे वाचलं तेव्हा त्यांचा हात थांबला. पुढे प्रेक्षकांत गेलेले चेंडू परत येईनात, चेंडूच संपत आले, तेव्हा तर ते चक्क हसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्होरे फेकाले चालस का?" म्हटलं, चालतं. तिथल्या फुटबॉलात चेंडू हाताने पुढे फेकायचा आणि आपल्याच गड्याने पळत जाऊन झेलायचा, तिसऱ्या पानावर लिहिलंय.

काल धुळवडीला दरवर्षीसारखी नारळ फेकायची चढाओढ न लावता पोरांनी तुझा खेळ मांडला. नारळ मी गोणपाटात शिवून दिला. वरची आळी विरुद्ध खालची आळी, कापूस उपटलेल्या शेतात, आणि पंच मी, कारण नियम माझ्या हातात! काय धुमश्चक्री झाली म्हणून सांगू. झुलालची बंडी फाटली, अभिमन नारळ समजून दुसऱ्याच्या डोक्याला मिठी मारून पडला. दोन्ही आळ्या बरोबरीत आल्या, आणि नारळ गडगडत आला तो थेट बांधावर उभ्या आबांच्या पायाशी. त्यांनी तो उचलला, धोतर खोचलं आणि भिरकावला. साठ पावलं तरी गेला असेल. सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, सगळे माना वर करून बघत राहिले, पळालं कोणीच नाही. नारळ जाऊन पडला कुंपणाच्या काट्यांत. कोणी झेलला नाही म्हणून खालची आळी हरली, म्हणजे आपलीच, आणि मी एवढी ओरडले की आज घसा बसलाय.

खरं सांगायचं तर हे पत्र मी आपणहून लिहायला बसले नाही. सकाळी आबांनी स्वतः दौत आणून समोर ठेवली. म्हणाले, "भाईदासले लिख." तुझं नाव, भाऊ! मला अक्षर दिसेना. काय लिहू, विचारलं, तर म्हणाले, "लिख, मन्हा हात आजूनबी चालस. झेलनारा कोनी नही शे." एवढंच. त्याखाली एक शब्द मी माझ्या मनाने घातला, 'ये', आणि सगळं वाचून दाखवलं. तो शब्द खोडायला सांगतील म्हणून मी टाक धरूनच होते. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि त्या शब्दाशेजारी सही केली. ती बघ, मोडीतली, थोडी वाकडी.

तुझीच,
कुंदाअक्का