गाड्या रांगेत उभ्या केल्या तेव्हा

४ ऑगस्ट, सोमवार. लाखनी

सागरचा नागपूरहून फोन. (यापुढे सा. पूर्ण नाव लिहिण्याइतका तो आज आवडला नाही.) आम्ही दोघं मिळून करतोय त्या गाड्या चालवायच्या गेममध्ये लोक येतात, गाडी निवडायच्या पानावर अडकतात आणि निघून जातात. रस्त्यापर्यंत पोचतच नाहीत. एवढा घाटातला रस्ता केला, डांबरातले खड्डे एकेक करून हाताने बसवले, आणि पाहुणे दारातूनच परत.

ते पान माझं. काळोखी खोली, मधे गोल चौथरा, त्यावर एक गाडी गरगर फिरते. अंगठा बाजूला ढकलला की ती जाते, दुसरी येते. केलं तेव्हा मला फार देखणं वाटलं होतं. आई म्हणाली होती, जत्रेतल्या पाळण्यासारखं आहे, पाहून मळमळते. आईचं वेळेवर कोण ऐकतं.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात चाचणीची शेवटची प्रत द्यायची. तोवर नवं पान जमलं तर ते. नाहीतर हेच गरगरतं, कायमचं.

७ ऑगस्ट

आज बाबा आपणहोऊन माझ्या खोलीत आले.

चिखल्याच्या खाणीत शिफ्टची बस चालवली त्यांनी. माणसं न्यायची, माणसं आणायची, जन्मभर. मग हात थरथरायला लागला आणि किल्ली परत दिली. आम्ही इथे रोडच्या कडेला राहायला आलो. तेव्हापासून ते चालकाच्या जागेवर बसले नाहीत. कुणी जीप चालवून पाहा म्हटलं तर पाणी प्यायला उठतात.

गेममध्ये ती बस मी केलेली आहे. निळी, मागे शिडी, आत डबे लटकवायचे आकडे. त्यांना सांगितलं नव्हतं. का नव्हतं? ते पाणी प्यायला उठले असते म्हणून. आज चौथऱ्यावर ती फिरताना त्यांना दिसली.

"हे तं आपलीच बस आहे."

बसले. रिमोट हातात घेतला (कंट्रोलरला ते रिमोटच म्हणतात). आणि अंगठा नुसता टेकवल्याबरोबर तो थरथरायला लागला. टिपर, जीप, ट्रॅक्टर, बस, गेली. परत बस, परत गेली. डोळ्यांसमोर येते आणि निघून जाते. शेवटी बटण दाबलं गेलं ते मोपेडवर. आई हसली, मग तिचं तिलाच कळलं.

"माया हात मले गाडी निवडू देत नाही, वंदू."

पण वाट्याला आलेली गाडी सोडणं त्यांच्या रक्तात नाही. मोपेड तर मोपेड. बाजारातून काढली, बैलगाडी आणि भिंत यांच्यामधून काढली, पुलावर चढवली. मी स्क्रीनकडे पाहत होते. मग हातांकडे पाहिलं.

स्थिर. दोन्ही हात पूर्ण स्थिर.

बाबांचे हात न हलता कसे दिसतात ते मी विसरले होते. नखं मोठी आहेत त्यांची, माझ्यासारखी. पूल संपला, त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि लगेच परत थरथर. मी जाऊन चहा केला.

८ ऑगस्ट. भंडारा

बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, हो, या दुखण्यात बऱ्याच जणांचं असं होतं. रिकामा हात थरथरतो, कामाला लावला की शांत होतो. पुढे पुढे थरथर कामाच्या वेळीही येऊ शकते. केव्हा, ते सांगता येत नाही, असंही म्हणाले. बाबा टेबलावरचा पेपरवेट पाहत होते.

परतताना एसटीत बाबा खिडकीशी, मी शेजारी. डोक्यात एकच. म्हणजे चालवताना नाही, निवडताना. अख्ख्या गेममध्ये हात रिकामा वाट पाहत बसतो अशी एकच जागा आहे, आणि ती मी बांधली आहे.

किती अजब आहे हे शरीर. काम दिसलं की शहाणं होतं. दिवसभर याच आश्चर्यात. वैनगंगेचा पूल केव्हा मागे पडला कळलं नाही.

१२ ऑगस्ट

प्रयत्न. मोठी मोठी चित्रं केली: थरथर मोठ्या चित्रांवरूनही तशीच घसरत गेली. मशीनने अंगठ्याचं लगेच ऐकायचं नाही, जरा थांबायचं, असं केलं: बाबांना वाटलं मशीन बंद पडली, जोरात दाबलं, ट्रॅक्टर. सगळ्या गाड्यांची नावं एकाखाली एक लिहिली: बाबा चष्मा शोधायला गेले ते आलेच नाहीत.

मी निवडून देते म्हटलं, तुम्ही फक्त चालवा. नको म्हणाले. आपल्या गाडीजवळ आपल्या पायानं जायचं असते म्हणे.

सा.ला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, खोटं कशाला बोलू. मग म्हणाला, "देख, एका माणसासाठी पान नाही बनवत आपण." मी म्हटलं, निघून जाणाऱ्या लोकांचे हात तू पाहिलेत का? तो म्हणाला, चौथरा तरी राहू दे, चमकतो. चमकतो! काजवा पण चमकतो, त्याच्यावर बसून कोणी भंडाऱ्याला जात नाही.

१७ ऑगस्ट

काही नाही. पान उघडते, बंद करते. बाबा आता खोलीत येत नाहीत. आईला म्हणाले, पोरगी मायापायी काहून डोकं फोडून राहिली. आईने ते मला जसंच्या तसं आणून दिलं, भाजीसोबत.

आज जेवताना त्यांचा चमचा ताटावर वाजत होता. नेहमीपेक्षा जास्त का? की मीच आता जास्त ऐकते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

मामाच्या गावी. हे नीट लिहायचं आहे, घाई करायची नाही.

गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर बैल जमले. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली सगळ्या जोड्या एका लाईनीत. झुली, बेगड, शिंगांना रंग. शेवटी हार घातलेले दोन ट्रॅक्टरही, कारण मामाकडे आता बैल नाहीत आणि तो पोळा चुकवणार नाही. झडत्यांची कवनं सुरू होती, धूळ, गलका.

लोक काय करतात? एका जागी उभं राहून पाहत नाहीत. लाईनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. एका जोडीपाशी रेंगाळतात, पुढे जातात, परत येतात. बैल आपल्या जागी उभे. माणूस फिरतो.

बाबाही चालत होते. एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत, पुढच्याकडे, त्याच्या पुढच्याकडे. अख्खी लाईन. मी मागे मागे. त्यांचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही थरथरला नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरूनही फिरवला, तोही नाही. लाईन संपली, बाबा थांबले, हात खाली सोडला, आणि बोटं हलायला लागली.

मी तिथेच उभी राहिले. अंगावर काटा. देवळात येतो तसा नाही, त्याहून मोठा. लहानपणापासून दरवर्षी पाहिलेला पोळा, आणि मला आज पहिल्यांदा दिसला. गाडीला फिरवायचं नसतंच. तिला उभं करायचं, माणसाला चालू द्यायचं, हाताला वाट पाहायला लावायचीच नाही.

मामी म्हणाली, पुरणपोळी थंडी होऊन राहिली. मी रडत होते बहुतेक. धुळीवर ढकललं.

२५ ऑगस्ट

चौथरा काढून टाकला. काळोख काढला.

आता पानावर सकाळ आहे. तलावाच्या मातीच्या पाळीखाली मोकळं मैदान, दवाने ओलं. सगळ्या गाड्या एका रांगेत, तोंडं आपल्याकडे. अंगठा पुढे ढकलून धरायचा, आपण रांगेवरून चालत राहतो. जिच्याजवळ जाऊ तिचं इंजिन हळूच सुरू होतं. हवी असेल तर तिच्याकडे वळायचं आणि चालत आत जायचं. थांबलात तर काही होत नाही. कोणी निघून जात नाही.

पहिल्यांदा चालवून पाहिलं आणि परत पहिल्या गाडीपासून सुरुवात केली. या सगळ्या गाड्या मीच केल्यात, एकेक करून. पण एकत्र उभ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. टिपरच्या बाजूला ती एवढीशी मोपेड! सगळ्यांच्या काचांवर तोच एक सूर्य. मी केलं हे? मी कुठलं. गावाने केलं.

सा.ला पाठवलं. त्याचं उत्तर: "अरे यार." बऱ्याच वेळाने परत: "दोनदा नुसता चालत बसलो." बरं. आजपासून सागर.

२६ ऑगस्ट

बाबा रांगेवरून चालले. जीप, मोपेड, टिपर. बसपाशी आले, वळले, आत गेले. मधे काहीही उडालं नाही, सटकलं नाही. आत बसल्यावर त्यांनी रिमोट कपाळाला लावला.

मग घाट. मी बाबांना बस चालवताना खरं तर कधी पाहिलंच नव्हतं. मी शाळेत असायची, ते खाणीवर. वळणाच्या आधी ते मान किंचित उजवीकडे करतात. वेग कमी करतात तो कळतसुद्धा नाही. प्रत्येक थांब्यावर बस उभी करून दार उघडत होते. गेममध्ये प्रवासी नाहीत, मी सांगितलं. म्हणाले, असू दे, कोणी आलं तं.

आई दारात उभी. तिने पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "असेच जात होते पहाटे." आणि आत गेली.

फेरी संपली, खेळ परत रांगेवर आला. आणि बाबांचा चेहरा उतरला.

"मी तं बस घेऊन गेलो होतो. मंग हे इथं कोणती उभी आहे?"

खरंच. रांग भरलेलीच. मी समजावलं, हे निवडायचं पान आहे, इथे सगळ्या नेहमी दिसतात. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. इतक्या वर्षांत बस नेली आणि परत आणून जागेवर लावली, दुसऱ्या शिफ्टवाल्याच्या हातात किल्ली दिली, असंच केलेला माणूस. शेवटी हळू आवाजात म्हणाले,

"लाईनीतून गाडी गेली तं तिची जागा खाली दिसली पायजे. नाही तं गेली हे कोणाले कळन?"

जेवण बाजूला ठेवून मी लॅपटॉप उघडला.

२९ ऑगस्ट

केलं. बस बाहेर असली की रांगेत तिची जागा खाली, रिकामी. गवतावर चाकांचे दोन पट्टे, बाकी काही नाही. खेळ आता फेरीअखेर आपोआप संपत नाही, गाडी आणून जागेवर लावायची.

सागर म्हणतो, रांग सुंदर आहे, ती पक्की. पण खाली जागा नको. लोकांना वाटेल काहीतरी बिघडलंय, गाडी गायब झाली. चुकीचं बोलत नाही तो. रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते ठरवून पाठव म्हणाला.

त्या मोकळ्या जागेकडे मी कितीतरी वेळ पाहत होते. दोन्ही बाजूंना टिपर आणि ट्रॅक्टर, मधे नुसतं गवत. इतकं मोठं काही मी आजवर केलेलं नाही, आणि त्यात मी काहीच ठेवलेलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

टीव्हीवर रस्ता, लॅपटॉपवर रांग, असं जोडून घेतलं.

बाबांनी बस काढली. घाट चढले, पुलावर गेले. पुलानंतरच्या वळणावर उजवा हात हलला. काम करताना. बस पांढऱ्या रेषेबाहेर गेली, त्यांनी परत आणली. मी पाहिलं. त्यांनी पाहिलं की मी पाहिलं.

तरी त्यांनी पुढचे सगळे थांबे घेतले, दारं उघडली, बंद केली. परत आणून गवतावरच्या पट्ट्यांवर बरोबर लावली आणि इंजिन बंद केलं. मग रिमोट माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, बाबा, मला बस येत नाही चालवता. तुम्ही कधी शिकवलीच नाही.

"आता तू ने. मी जागेकडं पाहतो."

खुर्ची लॅपटॉपकडे वळवून बसले. हात मांडीवर, थरथरत. सागरचा फोन दोनदा वाजून गेला आहे, खाली जागेचं काय ठरलं ते विचारायला. मी रांगेवरून चालत बसपर्यंत गेले, आत बसले, बाहेर काढली, आणि मागून बाबांचा आवाज आला, "हं, झाली जागा खाली."