रिंगमध्ये टेकलेले गुडघे

नैरोबी, ४ ऑगस्ट

ती. नांतेझा आत्यास,
भाची नाबोसाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. कंपालाहून बसने येताना हाडं खिळखिळी झाली. इथे रोज मक्याच्या पिठाची घट्ट उगाळी! आपल्या मटोक्यांशिवाय, उकडलेल्या केळ्यांशिवाय या लोकांना जेवण जातं तरी कसं, देव जाणे. आमचे बॉक्सिंगचे वासवा सर म्हणतात, तोंड खायला चालव, कुरकुरायला नको.

नेटबॉलमध्ये मी बाकावरच बसले, भाला फेकला तो पंचांच्या छत्रीत घुसला, हे तुझं साऱ्या मसाका गावाला सांगून झालंय. आपलं ठरलेलंही लक्षात आहे: बॉक्सिंग शेवटचं. हरले, तर मुकाट्याने तुझ्या दुकानात बायकांचे गोमेसी झगे शिवायला बसायचं. पण आत्या, हा खेळ मला मनापासून आवडतो गं. शनिवारी जिंकले की देशाच्या संघात! राग असू दे, पण थोडा.

तुझीच,
नाबोसा

मसाका, ७ ऑगस्ट

चि. नाबोसास अनेक आशीर्वाद.

पत्र बसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. नाक फोडून घ्यायला परदेशी जायचं, ही काय थेरं? तुझा बाप नुसता हसतो. माझा भाऊ पहिल्यापासूनच बावळट. आपल्यात पोरींना वळण लावायचं ते आत्यानेच, म्हणून बोल लागतो तो मला. वडीलधारं माणूस बोललं की गुडघे टेकून ऐकायचं, एवढं तरी तिथे विसरू नकोस.

नाक सांभाळ.
आत्या

नैरोबी, ११ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

हरले. कशी ते वाचून हसू नकोस. दुसऱ्या फेरीत मी पुढे होते, समोरची मोंबासाची पोरगी पार दमली होती. मी डोकं खाली घालून शिरले, म्हणून पंचांनी खेळ न थांबवताच मला दटावलं. केस पिकलेले, आवाज थेट आजोबांचा. माझे गुडघे आपोआप टेकले गं! मी मान घालून चूक कबूल करतेय, आणि ते आपले आकडे मोजतायत! रिंगमध्ये गुडघा टेकला की पडलीच म्हणून धरतात. उठेपर्यंत तिने दम खाऊन घेतला. थोडक्यात गेलं. वासवा सर कपाळ बडवत बसलेत.

शब्द दिला तो दिला. स्पर्धा संपली की येते आणि मशीनवर बसते. रडून झालंय, आता तू काही बोलू नकोस.

तुझी हरलेली,
नाबोसा

मसाका, १४ ऑगस्ट

चि. नाबोसास पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले, की गिऱ्हाईक घाबरलं. मग मात्र डोळे भरून आले. पोरी, ती मोंबासावाली तुला काय हरवणार? तुला मी हरवलं, इथे बसल्या बसल्या. तुझ्या सरांना फोन केला. डिसेंबरात किगालीला आणखी एक संधी आहे म्हणाले. जायचं. मशीनवर तुझ्या बापाला बसवते.

एकच अट. घरी आलीस की दारात गुडघे टेकायचे नाहीत. ताठ उभं राहून माझ्याकडे बघायचं. मी डोळे वटारीन, ओरडेन, तरी हलायचं नाही. शेजारणी नावं ठेवतील, मलाही जड जाईल, रोज करू. माझ्यासमोर उभी राहिलीस, की मग कुठल्या पंचाची काय बिशाद!

लोभ आहेच, तो काय लिहायचा.
तुझी आत्या