मुऱ्या राखायची रीत

पनवेल,
रविवार, ता. १२ मे १९५७

चि. जगन यास,

आशीर्वाद. माझ्यापेक्षा आयेचे जास्त आहेत, म्हणून लिहितो.

तुझं कार्ड बुधवारी पोचलं. इकडे सगळं ठीक. यंदा मीठ चांगलं आलं, आगरावर राशी लागल्यात, आणि पाऊस लवकर येतो की काय म्हणून झाकायची घाई चाललीय. आयेच्या टाचा मिठानं फुटल्यात, पण ती ऐकते होय! रोज संध्याकाळी पाय धुता धुता विचारते, "जगन्याचं पत्र आलं का रं?" या खेपेला हो म्हणालो. वाचून मात्र दाखवलं नाही.

तू लिहितोस, शेठजींच्या बंगल्यातल्या काचपेटीतल्या मुऱ्या, आपल्या गाढीतले ते मिशाळ मासे, उन्हाळ्यात एकेक करून मरतायत, सतरातल्या सहा उरल्यात, "तेव्हा दादा, मुऱ्या कशा निवडाव्या, कशा राखाव्या ते सविस्तर कळव, नाहीतर माझी नोकरी गेलीच म्हणून समज." वाचून हसूच आलं रे मला. ती नोकरी कोणाला मिळायची होती ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. असो. विचारलंयस तर सांगतो.

मुरी घेताना घाई करू नकोस. हातात घेऊन बघ. तोंडाशी ज्या मिशा असतात त्या सगळ्या शाबूत हव्यात. पोट खपाटीला गेलेली असेल तर कितीही चपळ दिसो, सोडून दे. ती आठवडा काढत नाही. अंगावरचे पट्टे ठळक आहेत म्हणून भुलू नकोस, तुला ती खोड आहे. आणि सहा-सात एकदम ठेव. एकटी पडलेली मुरी दगडाखाली जाऊन बसते, खायलासुद्धा बाहेर येत नाही.

वाळू गाढी नदीची घे, चाळून, धुऊन. बांधकामाची चुरी नको. वाळूत तोंड खुपसून खाणारा जीव तो, धारदार खड्यांनी मिशा झिजतात. पण हे मी तुला शिकवावं? आयेचं जुनं लुगडं दोन टोकांना धरून आपण गाढीत मुऱ्या धरायचो, तू दगड उचलायचास आणि मी लुगडं. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा. त्या दिवसापासून माझ्या आयेनं आपल्याला एका ताटात वाढलं, आणि माशाचा मोठा तुकडा तुझ्या बाजूला. मी कधी तक्रार केली नाही.

भरकटलो. उन्हाळ्याचं सांगतो. काचपेटी खिडकीपासून लांब, सावलीत ठेव. भोवती ओलं गोणपाट गुंडाळ आणि दुपारी दोनदा त्यावर पाणी मार. पेटीतलं थोडं पाणी रोज काढून माठातलं गार पाणी हळूहळू घाल. शेठच्या घरी बर्फ असेल, तो टाकायचा शहाणपणा करू नकोस. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवल्याशिवाय वापरू नकोस. वर जाळी पक्की बसव. हवा कोंदली, वळीव येणार असला, की मुऱ्या उड्या मारतात आणि सकाळी फरशीवर वाळलेल्या सापडतात.

आता माझ्या मुऱ्यांचं. तू कार्डात त्यांच्याविषयी एक अक्षर विचारलं नाहीस.

फेब्रुवारीत एका रविवारी शेठ मोटारीनं माझी पेटी बघायला यायचे होते. तीन उन्हाळे जगवलेल्या अकरा मुऱ्या! त्या पसंत पडल्या की बंगल्यातल्या पेट्या सांभाळायची नोकरी माझी. शेठकडे माझं नाव तूच घातलंस म्हणून मी गावभर सांगत सुटलो होतो. गुरुवारी तुझं पत्र आलं: "दादा, शनिवारी संध्याकाळी पाण्यात दोन मुठी मीठ टाक. मासे तजेलदार दिसतात. मुंबईत सगळे करतात."

आपल्या घरात मीठ कोणी चमच्यानं घेत नाही. आयेनं आगरावरचं नवं मीठ सुपातून आणलं. "माज्या हातानं टाकते, तुला यश येल," म्हणाली. तिच्या मुठी तुला माहीत आहेत.

रविवारी सकाळी अकराच्या अकरा उलट्या तरंगत होत्या. शेठ आले, पेटीत बघितलं आणि चहासुद्धा न घेता गेले. पंधरा दिवसांत त्यांनी तुला ठेवून घेतलं. मी तुला अभिनंदनाचं पत्र लिहिलं. मला वाटलं, चूक आमचीच, मीठ जास्त पडलं.

परवा तुझ्या कार्डाला उत्तर द्यायचं म्हणून ट्रंकेतली तुझी जुनी वही काढली. मुंबईला मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींची भाषणं ऐकून यायचास आणि उतरवून ठेवायचास, ती. ऑगस्ट १९५६. अक्षर तुझं. "मुरीला खवले नसल्यासारखेच. मीठ मुळीच सोसत नाही." 'मुळीच'खाली दोन रेघा.

दोन रेघा मारल्या होत्यास रे तू!

नोकरी हवी होती तर तोंडानं मागायची होतीस. आजवर तुला कशाला नाही म्हणालोय मी? दिली असती. शिव्या घालून दिली असती, पण दिली असती. मासे गेले, नोकरी गेली, त्याचा राग आहेच, खोटं कशाला बोलू? पण आयेचं काय करू ते सांग. तिला वाटतं तिनं मारले. "माजाच हात जड झाला, भगवान. तुजी नोकरी मीच बुडवली." तेव्हापासून कालवणात मीठ टाकताना तिचा हात थांबतो. आगरावर जन्म काढलेली बाई मला विचारते, "येवढं टाकू? जास्ती नाय ना होनार?" तीन महिने आम्ही अळणी जेवतोय.

वहीचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगावं तर तिचा एक मुलगा जातो. न सांगावं तर ती अशीच झुरते.

वर लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. पण तुला भीती वाटेल, भगवाननं सूड म्हणून काही उलटं तर लिहिलं नसेल? वाटू दे. तुझं पत्र वाचताना मला वाटली नव्हती.

मुऱ्या राखायचं सांगताना मिठाविषयी मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही. ते तू पुढच्या रविवारी इथे येऊन सांगायचंस. मला नाही, आयेला. चुलीपाशी बसून, तिचे हात हातात घेऊन. काय सांगायचं ते आठवलं नाही तर वही इथेच आहे.

ती तुझ्यासाठी बोंबील वाळवून ठेवतेय.

तुझ्या मावशीचा मुलगा,
भगवान